परस्परसंवादी शरीररचना आकृती (वेब घटक)

परस्परसंवादी शरीररचना आकृती हा मानवी किंवा प्राणिशरीराचे रेखाचित्र संकेतस्थळावर दाखवणारा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा वेब घटक (वेब कॉम्पोनंट) होय. अशा आकृतीतील प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे निवडता येतो. वाचकाने अवयवाला स्पर्श केला, त्यावर माउस नेला किंवा कळफलकाने तो निवडला की त्याचे नाव, थोडक्यात माहिती आणि शेजारच्या अवयवांशी असलेला संबंध दिसतो. घटक एकदा तयार केला की हृदय, पचनसंस्था, अस्थिसंस्था अशा वेगवेगळ्या विषयांसाठी तोच वापरता येतो. बदलतात ते केवळ चित्र आणि नावांची यादी. चित्र आणि नावे एकमेकांपासून वेगळी ठेवणे हे या घटकाचे मुख्य वैशिष्ट्य आहे. त्यामुळे एकच आकृती मराठीसह अनेक भाषांत आणि विद्यार्थी, रुग्ण, आरोग्यसेवक अशा भिन्न वाचकांसाठी उपयोगात आणता येते.

== पार्श्वभूमी ==

शरीररचनेच्या आकृतीत चित्राइतकेच महत्त्व नावाला असते. आंद्रेयास व्हेसालियस याच्या १५४३ मधील प्रसिद्ध ग्रंथात अवयवांवर अक्षरे छापलेली होती आणि त्या अक्षरांचा अर्थ स्वतंत्र सूचीत दिलेला होता. ही पद्धत पुढे दीर्घकाळ चालू राहिली. वाचकाला चित्रातील अक्षर पाहून सूचीकडे आणि सूचीकडून पुन्हा चित्राकडे वळावे लागत असे.

१८५८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या पाठ्यपुस्तकात वेगळी पद्धत अवलंबली गेली. हेन्री ग्रे यांनी लिहिलेल्या या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत ३६३ आकृत्या होत्या आणि त्यांचे चित्रकार हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (१८३१–१८९७) होते. कार्टर यांनी अनेक आकृत्यांमध्ये अवयवाचे नाव अवयवावरच, त्याच्या आकाराच्या वळणाने लिहिले. स्नायूचे नाव स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने आणि रक्तवाहिनीचे नाव तिच्या लांबीने जात असल्यामुळे सूचीची गरज उरली नाही.

पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी कार्टर भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबईस आले. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवले. काही वर्षे ते सातारा येथे सिव्हिल सर्जन होते आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजाचे प्राचार्य झाले. कुष्ठरोग, मायसेटोमा (मदुरा पाय) आणि पुनरावर्ती ज्वर यांवरील त्यांचे संशोधन भारतातील वास्तव्यातच झाले.

कार्टर यांच्या पद्धतीने वाचकाची सोय झाली, मात्र नाव चित्राचाच भाग बनले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीतील आकृत्या आज सार्वजनिक अधिक्षेत्रात असून आंतरजालावर मोठ्या प्रमाणात वापरल्या जातात. त्यांवरील इंग्लिश व लॅटिन नावे चित्रात कोरलेली असल्याने ती मराठीत आणायची तर चित्र पुसून पुन्हा लिहावे लागते. परस्परसंवादी घटकात नाव अवयवावरच दिसते, पण साठवले जाते ते चित्राबाहेर.

== वेबवरील आकृत्यांचा विकास ==

* प्रतिमा-नकाशा : एखाद्या छायाचित्राचे वा चित्राचे भाग पाडून प्रत्येक भागाला दुवा देण्याची सोय एचटीएमएल ३.२ (१९९७) या मानकात होती. या पद्धतीत वर्तुळ, आयत व बहुभुज एवढेच आकार वापरता येतात आणि चित्राचा आकार बदलला की भागांच्या सीमा जागेवरून सरकतात. मीडियाविकी प्रणालीवरील ‘इमेजमॅप’ हे विस्तारक याच तत्त्वावर चालते.
* एसव्हीजी : सदिश चित्रांसाठीचे हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये मान्य केले. यात चित्र ठिपक्यांचे नसून रेषा व वक्रांच्या वर्णनाचे असते. प्रत्येक अवयव हा स्वतंत्र आकार असल्याने त्याला ओळखचिन्ह, रंग आणि वर्तन देता येते. चित्र कितीही मोठे केले तरी रेषा फाटत नाहीत.
* त्रिमितीय प्रतिमाने : अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पाने १९९४ मध्ये पुरुषाच्या आणि १९९५ मध्ये स्त्रीच्या संपूर्ण शरीराच्या पातळ छेदांची चित्रे उपलब्ध करून दिली. २०११ मध्ये वेबजीएल हे मानक आल्यावर ब्राउझरमध्येच त्रिमितीय शरीर फिरवून पाहणे शक्य झाले. ‘गूगल बॉडी’ (नंतरचे ‘झायगोट बॉडी’) आणि ‘बायोडिजिटल ह्यूमन’ ही या प्रकारची उदाहरणे होत. जपानमधील ‘बॉडीपार्ट्स३डी’ हा अवयवांच्या प्रतिमानांचा संग्रह मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे.
* वेब घटक : संकेतस्थळाचा एखादा भाग स्वतःच्या खुणेसह (टॅग) वेगळा बांधून कोठेही वापरण्याची कल्पना २०११ मध्ये मांडली गेली. २०१८ पर्यंत क्रोम, सफारी व फायरफॉक्स या ब्राउझरांत आणि २०२० मध्ये एजमध्ये तिला आधार मिळाला. त्रिमितीय प्रतिमान दाखवणारा गूगलचा ‘मॉडेल-व्ह्यूअर’ हा या प्रकारचा परिचित घटक आहे.

== रचना ==

घटकाचे तीन भाग असतात.

=== चित्र ===

चित्र एसव्हीजी स्वरूपात असते. त्यात अवयवांचे आकार थरांमध्ये मांडलेले असतात, उदाहरणार्थ त्वचा, स्नायू, अस्थी आणि आंतरिक अवयव. एसव्हीजीमध्ये नंतर काढलेला आकार आधीच्या आकाराच्या वर येतो आणि स्पर्शही त्यालाच होतो. स्वादुपिंड जठराच्या मागे असल्यामुळे समोरून काढलेल्या आकृतीत ते बहुतांश झाकले जाते. जठराचा थर बाजूला करण्याची सोय नसेल तर वाचकाला स्वादुपिंड निवडताच येत नाही. म्हणून थर दाखवणे व लपवणे हे घटकाचे आवश्यक कार्य मानले जाते. पित्ताशयासारख्या लहान अवयवाभोवती अदृश्य पण स्पर्शाला प्रतिसाद देणारी कड ठेवली जाते, जेणेकरून मोबाइलच्या पडद्यावर बोटाने तो निवडता यावा.

=== नामसूची ===

नामसूची ही चित्राबाहेर ठेवलेली माहितीची यादी असते. प्रत्येक अवयवासाठी एक भाषानिरपेक्ष ओळखचिन्ह असते आणि त्याखाली निरनिराळ्या भाषांतील नावे, थोडक्यात वर्णन, शरीराची बाजू (डावी वा उजवी) आणि तो ज्या मोठ्या भागात मोडतो त्याचा उल्लेख असतो. ओळखचिन्हासाठी ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका’ (१९९८, दुसरी आवृत्ती २०१९) या आंतरराष्ट्रीय परिभाषेचा किंवा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘फाउंडेशनल मॉडेल ऑफ ॲनाटॉमी’चा आधार घेता येतो. विकिडेटावरील नोंदींना भाषावार नावे जोडलेली असल्याने तेथूनही नावे घेता येतात.

=== वर्तन ===

वाचकाच्या कृतीला घटक कसा प्रतिसाद देतो हे या भागात ठरते. अवयव निवडला गेला की घटक एक सूचना प्रसारित करतो. ती ऐकून पानावरील इतर भाग बदलता येतात, उदाहरणार्थ शेजारचा परिच्छेद उघडणे किंवा प्रश्नाचे उत्तर तपासणे. घटकाची आतील मांडणी ‘शॅडो डॉम’ या संरक्षित कप्प्यात असते. त्यामुळे पानाच्या शैलीचे नियम आकृतीत शिरत नाहीत आणि आकृतीची शैली पानावर सांडत नाही. रंग व अक्षराचा आकार यांसारख्या मोजक्या गोष्टी शैलीच्या चलांद्वारे बाहेरून बदलता येतात. घटकाच्या नावात किमान एक जोडरेघ असणे मानकानुसार बंधनकारक आहे. त्यामुळे एचटीएमएलच्या मूळ खुणांशी गोंधळ होत नाही.

== डावी आणि उजवी बाजू ==

शरीररचनेत डावे-उजवे हे नेहमी ज्याचे शरीर आहे त्याच्या दृष्टीने सांगितले जाते. समोरून काढलेल्या आकृतीत शरीराची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. यकृत चित्राच्या डावीकडे दिसते ते याच कारणाने. विद्यार्थ्यांचा गोंधळ येथे वारंवार होतो. वैद्यकीय नोंदीत अशी चूक झाल्यास निरोगी बाजूवर उपचार होण्याचा धोका असतो. म्हणून चांगल्या घटकात बाजू नामसूचीत स्पष्ट नोंदवलेली असते आणि आकृतीच्या दोन्ही कडांना ‘शरीराची उजवी बाजू’, ‘शरीराची डावी बाजू’ असे लिहिलेले असते. समोरची आकृती उलटवून पाठीमागची आकृती बनवणे ही सदोष पद्धत आहे, कारण हृदय, यकृत, प्लीहा व जठर हे अवयव शरीरात सममित नसतात.

== मराठी नावे ==

मराठीत शरीराच्या नावांचे किमान तीन स्तर आढळतात : बोलीतील नावे, पाठ्यपुस्तकांतील संस्कृतोद्भव परिभाषा आणि वैद्यकीय व्यवहारातील इंग्लिश नावे. डॉक्टर, विद्यार्थी आणि रुग्ण एकाच अवयवाला तीन नावांनी ओळखतात. काही उदाहरणे पुढीलप्रमाणे :

* वृक्क, मूत्रपिंड, किडनी
* प्लीहा, पाणथरी
* धमनी, रोहिणी
* शिरा, नीला
* पर्शुका, बरगडी, फासळी
* जान्वस्थी, गुडघ्याची वाटी

नावांचे स्तर एकास एक जुळत नाहीत, ही अडचण त्याहून मोठी आहे. ‘काळीज’ हा शब्द मूळात यकृताचा वाचक आहे. मटणाच्या दुकानातील ‘कलेजी’ हे यकृतच असते. तथापि भावनेच्या संदर्भात आणि नेहमीच्या बोलण्यात ‘काळीज’ हृदयासाठी वापरले जाते. ‘शीर’ हा शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कधीकधी कंडरा या तिन्हींसाठी येतो. ‘शीर दबली’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या मनात बहुधा मज्जातंतूचे दुखणे असते, तर ‘हाताची शीर दिसते’ म्हणताना नीला अभिप्रेत असते. ‘पोट’ म्हणजे जठरही आणि संपूर्ण उदरही. ‘पाय’ या शब्दात मांडीपासून बोटांपर्यंतचा सर्व भाग येतो, तर इंग्लिशमध्ये त्याचे दोन वेगळे शब्द आहेत. नेमकेपणासाठी मराठीत ‘पाऊल’, ‘पोटरी’, ‘नडगी’, ‘मांडी’ असे म्हणावे लागते.

यामुळे मराठी नामसूची केवळ इंग्लिश यादीचे भाषांतर करून तयार होत नाही. प्रमाण नाव एक आणि त्याखाली पर्यायी नावे अनेक, अशी मांडणी उपयुक्त ठरते. शोधखिडकीत ‘काळीज’ टाइप केल्यावर यकृत आणि हृदय हे दोन्ही अवयव उजळून दाखवणे आणि दोहोंतील फरक सांगणे हे एकच उत्तर देण्यापेक्षा अधिक अचूक ठरते.

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमातील ‘रचना शारीर’ या विषयामुळे आणखी एक परिभाषा विद्यार्थ्यांसमोर येते. सुश्रुतसंहितेत अस्थींची संख्या ३०० आणि मर्मांची १०७ सांगितली आहे, चरकसंहितेत अस्थी ३६० आहेत, तर आधुनिक शरीररचनाशास्त्रानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. हा फरक बऱ्याच अंशी मोजणीच्या पद्धतीतून येतो. प्राचीन गणनेत दात, नखे व कूर्चा यांचाही समावेश होता. ए. एफ. रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ मध्ये या गणनांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच चित्राला दोन नामसूची जोडल्यास हा फरक विद्यार्थ्याला आकृतीवरच पाहता येतो.

== देवनागरी लेखनाचे प्रश्न ==

एसव्हीजी १.१ मध्ये लांब मजकूर आपोआप पुढच्या ओळीवर जात नाही. मराठी पारिभाषिक संज्ञा अनेकदा लांब सामासिक शब्द असल्याने त्या चित्राबाहेर जातात किंवा शेजारच्या नावावर चढतात. यावर उपाय म्हणून नावे चित्राच्या आत न लिहिता एचटीएमएलच्या चौकटीत ठेवून अवयवाशी सूचक रेषेने जोडली जातात.

अक्षरांमधील अंतर वाढवल्यास देवनागरीची शिरोरेषा तुटते. इंग्लिश नकाशांत मोठ्या प्रदेशाचे नाव पसरून लिहितात तसे मराठीत करता येत नाही. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली असेल आणि फाँटात सोय असेल तरच ती वळणे दिसतात. त्यामुळे भाषेची नोंद घटकाच्या आतपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. ही नोंद वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीलाही लागते. मुक्त परवान्याचे ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हे फाँट अशा कामासाठी वापरता येतात.

== सुलभता ==

केवळ रंगाने फरक दाखवणारी आकृती रंगांधळ्या वाचकाला उपयोगी पडत नाही. धमन्या लाल आणि शिरा निळ्या दाखवण्याचा संकेत सर्वत्र रूढ असला, तरी त्यासोबत रेषेचा प्रकार किंवा नाव देणे वेबच्या सुलभता मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक आहे. याच तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीत (२०२३) स्पर्शाचे लक्ष्य सामान्यतः किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल असावे, असे म्हटले आहे.

सर्व अवयव कळफलकाने क्रमाने निवडता यावेत आणि तो क्रम शरीराच्या रचनेला धरून असावा, उदाहरणार्थ पचनसंस्थेत मुखापासून गुदद्वारापर्यंत. दृष्टिहीन वाचकासाठी आकृतीइतकीच माहिती देणारी मजकुराची यादी जवळ ठेवली जाते. शॅडो डॉमच्या कप्प्याबाहेरील मजकुराला आतील अवयवाचे लेबल म्हणून ओळखचिन्हाने जोडता येत नाही, ही तांत्रिक मर्यादा आहे. त्यामुळे वाचनप्रणालीसाठीची नावे कप्प्याच्या आतच ठेवावी लागतात.

== ग्रामीण भागातील उपयुक्तता ==

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांची रचना अशा घटकाची गरज स्पष्ट करते. पूर्वेकडे नारायणगाव व मंचर ही बागायती भागातील मोठी बाजारगावे आहेत, तर पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगांत आणि भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी व ठाकर समाजांची विखुरलेली गावे आणि वाड्या आहेत. आदिवासी विकास विभागाच्या एकात्मिक प्रकल्पाचे कार्यालय आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय असलेल्या घोडेगाव येथे आहे आणि डोंगरी भागातील अनेक मुले आश्रमशाळांत शिकतात.

डोंगराळ भागात मोबाइलचे जाळे कमकुवत असले की मोठ्या फाइलची त्रिमितीय प्रतिमाने उतरवून घेणे कठीण जाते. रेषाचित्रावर आधारित घटकाची फाइल तुलनेने बरीच लहान असते, ती एकदा उतरल्यावर ब्राउझरमध्ये साठवून जाळ्याविना वापरता येते आणि साध्या फोनवरही चालते. छपाईच्या वेळी सर्व नावे एकदम दिसतील अशी व्यवस्था केल्यास त्याच आकृतीचा भिंतीवरचा तक्ता होतो.

आरोग्यनोंदी हा दुसरा उपयोग होय. घोणस, नाग, मण्यार व फुरसे या चार विषारी सापांच्या दंशांवर भारतातील बहुगुणी प्रतिसर्पविष दिले जाते. दंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत दंशाची जागा आणि तेथून वर पसरणारी सूज यांची वेळेसह नोंद उपचारासाठी महत्त्वाची असते. ‘पायाला चावला’ या वाक्यातून पाऊल, घोटा की पोटरी हे कळत नाही. आकृतीवर बोट ठेवल्यास जागा आणि बाजू दोन्ही निश्चित होतात. बिबट्यांचा वावर असलेल्या जुन्नर परिसरात हल्ल्यातील जखमांच्या नोंदीलाही हीच पद्धत लागू पडते. अशा वापरात नोंदवलेली माहिती व्यक्तीच्या प्रकृतीविषयीची असल्याने ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आकृतीच्या घटकावर नव्हे, तर तो वापरणाऱ्या प्रणालीवर येते.

== मर्यादा ==

* सपाट आकृतीतून अवयवांची खोली व आकारमान पुरेसे कळत नाही. प्रत्यक्ष शवविच्छेदन, प्रतिकृती आणि त्रिमितीय प्रतिमाने यांना ती पर्याय नसून पूरक आहे.
* रेखाचित्र ‘सर्वसाधारण’ शरीर दाखवते. रक्तवाहिन्यांच्या शाखा, अवयवांचे स्थान आणि हाडांची संख्या व्यक्तीगणिक थोडीफार बदलते. एकाच प्रकारच्या शरीराची आकृती सर्वत्र वापरल्यास स्त्री, बालक आणि वृद्ध यांच्या शरीरातील फरक झाकले जातात.
* नाव चित्राबाहेर असल्याने नामसूचीतील एक चूक ती सूची वापरणाऱ्या सर्व पानांवर पोहोचते. पुनर्वापराच्या लाभाबरोबर येणारी ही जोखीम टाळण्यासाठी नामसूचीची विषयतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक असते.
* जावास्क्रिप्ट बंद असल्यास घटक चालत नाही. म्हणून घटकाच्या खुणेच्या आत साधे चित्र आणि अवयवांची यादी ठेवण्याची पद्धत आहे. घटक सुरू न झाल्यास वाचकाला निदान तेवढे दिसते.

== हेही पहा ==

* शरीररचनाशास्त्र
* हेन्री व्हॅन्डाइक कार्टर
* ग्रँट मेडिकल कॉलेज
* एसव्हीजी
* सुश्रुतसंहिता
* जुन्नर तालुका
* आंबेगाव तालुका